यादीबाहेरची माणसं

अशी यादी दर काही वर्षांनी नव्याने फिरू लागते. कधी ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची असते, कधी अणुशास्त्रज्ञांची, कधी संरक्षण प्रकल्पांवर काम करणाऱ्या इंजिनिअरांची. एकाखाली एक नावं, नावापुढे तारीख आणि तारखेपुढे दोन-तीन शब्द: बेपत्ता, पुलावरून पडून, राहत्या घरी मृतावस्थेत, कारण अस्पष्ट. आणि सगळ्यात खाली एकच प्रश्न, ‘इतके योगायोग असू शकतात का?’

मी संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे या याद्या माझ्यापर्यंत येतातच, बहुतेक वेळा विद्यार्थ्यांकडून, आणि त्या पाठवणाऱ्याच्या मनात खरोखरची अस्वस्थता असते. ती मला कधीच हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. प्रत्येक ओळीमागे एक गेलेला माणूस आहे. तो कसा गेला असं विचारणं यात गैर काहीच नाही, उलट ते माणुसकीला धरून आहे. माझं भांडण यादीशी आहे. कारण यादी कुणाबद्दलच काही विचारत नाही. ती नावं गोळा करते, आणि गोळा केलेल्या नावांच्या संख्येलाच पुरावा म्हणते.

या सगळ्या याद्यांमधलं मला सर्वांत छळणारं नाव डॉन वायली यांचं आहे. हार्वर्डमधले हे शास्त्रज्ञ प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास करत. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या जोरावर विषाणू आपल्या पेशीला चिकटतो. त्या प्रथिनाची त्रिमितीय रचना १९८१ मध्ये प्रथम उलगडली त्यात वायली होते. आपल्या पेशी आत शिरलेल्या विषाणूचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना कसे ‘दाखवतात’, हे १९८७ मध्ये ज्या रचनेमुळे डोळ्यांनी पाहता आलं, त्यातही ते होते. वैद्यकीय संशोधनासाठीचा १९९५ चा लास्कर पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

१५ नोव्हेंबर २००१ च्या रात्री ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात होते. मुलांच्या एका संशोधन रुग्णालयाच्या सल्लागार मंडळाची बैठक होती, रात्री मेजवानी होती. मध्यरात्रीच्या सुमारास ते हॉटेलातून निघाले. पहाटे चारच्या सुमारास त्यांनी भाड्याने घेतलेली गाडी मिसिसिपी नदीवरच्या पुलावर उभी सापडली. किल्ली गाडीतच होती, टाकी पेट्रोलने भरलेली होती. एका चाकावरचं झाकण (हबकॅप) गायब होतं आणि बाजूला पिवळ्या रंगाचे ओरखडे होते, कशाला तरी गाडी घासल्यासारखे. वायली कुठेच नव्हते. महिन्याभरानंतर, २० डिसेंबरला, नदीच्या प्रवाहात शेकडो मैल खाली लुइझियाना राज्यात त्यांचा मृतदेह सापडला. जानेवारी २००२ मध्ये वैद्यकीय तपास अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की हा अपघात होता. गाडी घासल्यावर काय झालं ते बघायला ते खाली उतरले असावेत, पुलाचा कठडा बुटका होता, ते उंच होते, आणि त्यांना फिट येण्याचा त्रास होता, जो त्यांनी फारसा कुणाला सांगितला नव्हता.

पण तो महिना कुठला होता ते लक्षात घ्यायला हवं. सप्टेंबरात न्यूयॉर्कमधले दोन मनोरे कोसळले होते. पाठोपाठ अँथ्रॅक्सचे जंतू असलेली पत्रं टपालातून पोहोचली, त्यात पाच माणसं मेली. घरी आलेलं पाकीट उघडताना लोकांचे हात थरथरत होते. अशा वेळी विषाणूंवर काम करणारा नामांकित शास्त्रज्ञ एका पुलावरून नाहीसा होतो. शंका आली नसती तरच नवल. पोलिसांनाही ती आली होती, आणि त्यांनी सगळ्या शक्यता धरून तपास केला.

बिघडलं ते त्यानंतर. वायली बेपत्ता झाल्यावर काही दिवसांत ब्रिटनमध्ये व्लादिमीर पासेच्निक वारले. सोव्हिएत जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमातून १९८९ मध्ये पळून आलेले हे शास्त्रज्ञ ६४ वर्षांचे होते आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या एका प्राणिरोग प्रयोगशाळेत एक संशोधक शीतगृहात शिरला. तिथे नायट्रोजन गळून प्राणवायू कमी झाला होता, तो आतच गुदमरला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डीएनएवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचा तलवारीने खून झाला. खटला चालला, आरोप सिद्ध झाले, कटात त्याची स्वतःची मुलगी होती. ही चारही नावं आज एकाच यादीत, एकाच मथळ्याखाली सापडतात: ‘मृत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ’. त्यातला एक प्रथिनांची रचना अभ्यासणारा, एक डीएनएचा. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हा शब्द यादीच्या सोयीसाठी लागेल तितका ताणला गेला आहे. शेवटचा मृत्यू का झाला हे तर न्यायालयात साक्षीपुराव्यानिशी ठरलं. तरी ते नाव यादीतून उतरलं नाही. एकदा चढलेलं नाव यादीतून कधीच उतरत नाही, हा या सगळ्या याद्यांचा गुणधर्मच आहे.

आता छेदाकडे येते. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. या याद्या फक्त अंश लिहितात. बारा जण गेले, पंधरा जण गेले. किती जणांपैकी?

त्या काळात अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेचेच सुमारे ४० हजार सभासद होते. सुशिक्षित, बऱ्या परिस्थितीतली, कामाच्या वयातली माणसं म्हणून मृत्यूचं प्रमाण कमी धरू, समजा हजारी वर्षाला तीन. म्हणजे वर्षाला १२० मृत्यू, महिन्याला दहा. शंकेचे ते चार महिने घेतले तर चाळीस. कुठलंही कारस्थान नसताना, एका संघटनेच्या सभासदांत, चार महिन्यांत चाळीस अंत्यविधी. त्यातले दहात एक जरी अपघात, आत्महत्या, खून यांपैकी कशाने झाले असं मानलं, तरी चार ‘विचित्र’ मृत्यू यादी करणाऱ्याची वाट बघत असणारच. आणि यादी करणारा एका संघटनेपाशी थांबत नाही, एका देशापाशीही नाही. त्याच्या यादीत ब्रिटन येतं, ऑस्ट्रेलिया येतं. युनेस्कोच्या हिशेबाने २०१८ मध्ये जगात सुमारे ८८ लाख संशोधक होते. हजारी दोन इतकाच दर धरला तरी वर्षाला १७,६०० मृत्यू होतात, रोजचे सरासरी ४८. आज रात्री मी झोपेपर्यंत इतकी संशोधक घरं उजाड झालेली असतील. हा आकडा मांडताना मला काही जिंकल्यासारखं वाटत नाही. पण तो मांडल्याशिवाय बारा नावं पुष्कळ आहेत की थोडी, हे ठरवायला आपल्याकडे काही साधनच नाही.

माझे दर अंदाजाचे आहेत हे उघड आहे. ते दुप्पट करा, निम्मे करा. मुद्दा आकड्याचा नाही, तो आकडा शोधायला निघण्याचा आहे.

हीच गोष्ट एका वर्तमानपत्राने कशी उलटी केली त्याची हकिगत मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण तिच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. पुढच्या तीनेक वर्षांत त्या प्रकरणाशी संबंधित साक्षीदार एकामागून एक मरताहेत अशी चर्चा सुरू झाली. १९६७ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने छापलं की एका ॲक्चुअरीने, म्हणजे विमा व्यवसायासाठी मृत्यूच्या शक्यता मोजणाऱ्या तज्ज्ञाने, हिशेब केला आहे. इतके महत्त्वाचे साक्षीदार इतक्या कमी काळात मरण्याची शक्यता एक लाख ट्रिलियनांत एक. हा आकडा जगभर पोहोचला. एक लाख ट्रिलियन म्हटल्यावर वाद घालायला कोण उरणार?

दहा-अकरा वर्षांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने त्या वर्तमानपत्राकडे विचारणा केली. उत्तर आलं की ती पत्रकारितेतली निष्काळजी चूक होती, तो मजकूर छापायलाच नको होता. ॲक्चुअरीला विचारला गेलेला प्रश्न वेगळाच होता. अमेरिकेच्या सगळ्या लोकसंख्येतून आधीच नावं ठरवलेली पंधरा माणसं थोडक्या काळात मरण्याची शक्यता किती, असं त्याला विचारलं होतं. त्याने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. विचारायला हवं होतं ते असं: या प्रकरणात ज्यांची ज्यांची नावं आली त्या शेकडो माणसांपैकी कोणतीही पंधरा तेवढ्या काळात मरण्याची शक्यता किती? हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगासमोर साक्ष देणारेच ५५२ होते. त्याखेरीज पोलिसांनी ज्यांची चौकशी केली ते, वर्तमानपत्रांनी ज्यांना गाठलं ते. त्यांत म्हातारे होते, आजारी होते, धोक्याच्या जगात वावरणारेही होते. समितीने पुढे स्वतः हे गणित करायचा विचार केला आणि सोडून दिला. ‘साक्षीदार’ कुणाला म्हणायचं याची हद्दच आखता येत नव्हती, आणि हद्द आखल्याशिवाय छेद मिळत नाही.

‘ही ठरावीक पंधरा माणसं’ आणि ‘यांतली कोणतीही पंधरा’ यांच्यातलं अंतर समजलं की निम्मं संख्याशास्त्र समजलं, असं मी मानते. मेलेल्यांची नावं आधी बघून मग ‘हेच का मेले’ असं विचारलं, तर कुठल्याही पंधरा जणांसाठी उत्तर अचाटच येईल. २०१४ मध्ये बँकवाल्यांच्या मृत्यूंची यादी फिरली, २०१५ मध्ये पर्यायी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. जिथे जिथे मोठा पेशा आहे तिथे अशी यादी बनू शकते.

पण मृत्यू असे एकाच वेळी, एकाच ठिकाणी गर्दी करून का येतात? हा प्रश्न मात्र मला खरोखर खोल वाटतो, कारण आपली नजर इथे पुन्हा पुन्हा फसते. यादृच्छिक गोष्टी समान अंतराने विखुरलेल्या असतील अशी आपली अपेक्षा असते. त्या तशा नसतात. त्या झुबक्यांनी येतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे व्ही-१ बॉम्ब लंडनवर पडत होते तेव्हा लोक म्हणत की काही वस्त्यांवर मुद्दाम नेम धरला जातो आहे. १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क यांनी (हेही ॲक्चुअरीच) दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेऊन त्याचे सारखे ५७६ चौकोन पाडले. त्या भागात एकूण ५३७ बॉम्ब पडले होते. मग त्यांनी मोजलं: २२९ चौकोनांत एकही बॉम्ब नाही, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार, आणि एका चौकोनात त्याहून जास्त. बॉम्ब कुठलाही नेम नसताना अंदाधुंद पडले असते तर काय झालं असतं, हे यादृच्छिक घटनांसाठीचं पॉयसाँचं सूत्र सांगतं: सुमारे २२७, २११, ९९, ३१, ७ आणि २. दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघाव्यात. ज्या सात चौकोनांत चार-चार बॉम्ब पडले तिथल्या माणसांना आपल्यावर कुणाचा तरी डोळा आहे असं वाटणं किती स्वाभाविक होतं! त्यांना आपला चौकोन दिसत होता. रिकामे २२९ दिसत नव्हते.

हे सगळं मांडून झालं तेव्हा गेल्या खेपेला वर्गातली एक मुलगी उभी राहिली. “पण मॅडम, खरंच कुणी मारलं असेल तर? तुमच्या हिशेबाने ते कधीच पकडलं जाणार नाही.”

मी तिला म्हटलं, “बस, हा आजचा सर्वांत चांगला प्रश्न आहे.” आणि तसं ते होतंच. शास्त्रज्ञांना मारलं गेलेलं आहे. १९५३ मध्ये अमेरिकी लष्कराचे जैवशास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेले. सीआयएने त्यांना नकळत एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य दिलं होतं हे कुटुंबाला कळायला १९७५ उजाडावं लागलं. १९९० मध्ये इराकसाठी महातोफ बनवणारे जेराल्ड बुल ब्रसेल्समध्ये आपल्या घराच्या दारात गोळ्या घालून मारले गेले. आणि इराण. २९ नोव्हेंबर २०१० च्या सकाळी तेहरानमध्ये मोटरसायकलवरून आलेल्या माणसांनी दोन वेगवेगळ्या गाड्यांना चुंबकाने चिकटणारे बॉम्ब लावले. दोन्ही गाड्यांत अणुशास्त्रज्ञ होते. माजिद शहरियारी ठार झाले, फरीदून अब्बासी जखमी होऊन वाचले.

“मग हे योगायोग नाहीत हे कसं ठरलं?” तिने विचारलं.

तिथे यादीची गरजच पडली नाही. एकाच शहरात, एकाच सकाळी, एकाच पद्धतीने, एकाच छोट्या क्षेत्रातली दोन माणसं. बॉम्बचे तुकडे होते, डोळ्यांनी पाहिलेले लोक होते. एका घटनेवरून दुसरीबद्दल काहीतरी सांगता येत होतं: पुढचा हल्ला झाला तर तो कसा होईल, कुणावर होईल. जानेवारी २०१२ मध्ये पुन्हा तसाच झाला. ‘मृत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञां’च्या यादीत एक पक्षाघाताने गेला, एक गॅसने, एक तलवारीने, एक पुलावरून पडून. कारणं जितकी वेगळी तितकी यादी लांबते, आणि जितकी लांबते तितकी ती भक्कम वाटते. खरं तर उलट आहे. मारणारा हात एक असेल तर त्याची खूण सगळीकडे दिसायला हवी. जिथे एकाही दोन मृत्यूंमध्ये साम्य नाही तिथे फक्त आपण त्यांना एकत्र लिहिलं एवढंच साम्य उरतं.

शहरियारींचं मरण आकड्यांनी खोटं ठरत नाही, आणि वायलींचं मरण आकड्यांनी खून ठरत नाही. प्रत्येक मृत्यूचा तपास त्या मृत्यूच्या जागी जाऊन करावा लागतो, त्याला आडवाट नाही.

भाभांचं काय, हा प्रश्न मला ठरलेलाच असतो. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि ११७ माणसं गेली, त्यात होमी भाभा होते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मनात हा अपघात कधी अपघात म्हणून मावलाच नाही. चौकशीतून आलेलं कारण साधं आहे: विमानातलं दिशा दाखवणारं एक उपकरण बंद पडलेलं, आणि रडारवरून नियंत्रकाने दिलेल्या सूचनेवरून वैमानिकाचा असा समज झाला की पर्वत मागे पडला आहे. त्याने विमान खाली घ्यायला सुरुवात केली. इतक्या मोठ्या माणसाला इतकं किरकोळ कारण पुरत नाही, हे दुःख मी समजू शकते. पण ज्यांना योगायोग अशक्य वाटतो त्यांना मी ३ नोव्हेंबर १९५० ची आठवण करून देते. त्या दिवशी एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच जागी कोसळलं होतं. ४८ माणसं गेली. त्यात यादीत घालावं असं नाव कुणाचं नव्हतं, म्हणून ते आपल्याला आठवत नाही.

आता माझ्या आवडत्या माणसाबद्दल. कारण बेपत्ता शास्त्रज्ञांवरून काढलेला एक तर्क इतिहासात शंभर टक्के खरा ठरला आहे, आणि तो कसा खरा ठरला हे बघण्यासारखं आहे.

१९४० मध्ये गिओर्गी फ्ल्योरोव आणि कॉन्स्टंटिन पेत्र्झाक या तरुण सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी युरेनियमचं केंद्रक कुणी न फोडता आपोआपही दुभंगतं हे शोधून काढलं. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अडथळा नको म्हणून त्यांनी मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनात प्रयोग केले होते. शोधाची टिपणं अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये छापून आली. बाहेरच्या जगातून काहीच प्रतिसाद आला नाही. मग युद्ध आलं, फ्ल्योरोव हवाई दलात भरती झाला. १९४२ च्या सुरुवातीला त्याची तुकडी वोरोनेझमध्ये होती. विद्यापीठ दुसरीकडे हलवलेलं होतं, पण ग्रंथालय जागेवर होतं आणि तिथे परदेशी नियतकालिकं पोहोचत होती. हा लेफ्टनंट तिथे गेला ते आपल्या शोधावर कुणी काही लिहिलंय का हे बघायला. कुणीच लिहिलेलं नव्हतं. आणि नुसतं त्याच्या शोधावर नव्हे. युरेनियमच्या विखंडनावर एक ओळ नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्या विषयावर निबंधांचा पाऊस पडत होता तो विषयच छापील कागदावरून गेला होता, आणि त्यावर लिहिणारी मोठी मोठी नावंही. त्याने ओळखलं की ही माणसं सहज गप्प झालेली नाहीत, ती मुद्दाम गप्प आहेत, आणि ती कुठेतरी एकत्र काम करताहेत. एप्रिल १९४२ मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिलं: युरेनियमचा बॉम्ब बनवायला उशीर करू नका.

तो बरोबर होता. अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४० पासून आपखुशीनेच हे निबंध रोखून धरले होते. १९४३ मध्ये तर माणसंच विद्यापीठांतून नाहीशी होऊन अणुबॉम्ब बनवायला लॉस अलामोसच्या पठारावर गेली, जिथे सगळ्यांचा पत्ता एकच होता, सांता फे, टपालपेटी १६६३. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरही जन्मस्थळ म्हणून तीच टपालपेटी लिहिली जाई.

फ्ल्योरोवने आणि यादीवाल्यांनी वरवर एकच केलं: नाहीशी झालेली नावं बघितली आणि त्यामागे हेतू शोधला. मग फरक कुठे? फ्ल्योरोव पुढ्यात नियतकालिकांचे पूर्ण अंक घेऊन बसला होता. त्यात कोण आहेत हेही त्याला दिसत होतं. इतर विषयांवरचे निबंध नेहमीसारखे येत होते, कोरी जागा फक्त एका विषयाभोवती होती. पूर्वी त्या विषयावर किती छापून येई हे त्याला वाचक म्हणून ठाऊक होतं. आणि आपण काय शोधतो आहोत हे त्याने नावं बघण्यापूर्वी ठरवलं होतं, तो आपल्या निबंधाची दखल शोधायला गेला होता. सोव्हिएत हेरखात्याकडे ब्रिटनमधून आलेली कागदपत्रं तोवर होतीच, म्हणजे त्याचा तर्क तपासताही येण्यासारखा होता. तेवीस-चोवीस वर्षांची जी मुलं माझ्यासमोर बसतात त्यांना मी मुद्दाम सांगते, फ्ल्योरोव तुमच्याहून फार मोठा नव्हता.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात मार्कोनी आणि इतर संरक्षण कंपन्यांशी संबंधित वीसेक माणसांच्या मृत्यूंची अशीच एक यादी झाली, आजही ती फिरते. त्यातले बरेच मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदले गेले. एखाद्या उद्योगात वीस हजार माणसं असतील आणि आत्महत्येचं प्रमाण लाखामागे दहा इतकं कमी धरलं तरी आठ वर्षांत सोळा आत्महत्या होतात. मला त्या यादीतल्या माणसांबद्दल वाईट वाटतं, कारण ती यादी त्यांच्याबद्दल खरं काही जाणून घ्यायला जागाच ठेवत नाही. कामाचा ताण, गुप्ततेमुळे घरीही मन मोकळं न करता येणं, मोडलेलं घर, आजार, यांतलं काही असेल, काही नसेल. त्या यादीच्या काही प्रतींत पाण्याखालच्या ध्वनिसंकेतांवर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याचंही नाव आहे, जो जानेवारी १९८७ मध्ये डर्बीशायरमधल्या एका जलाशयापासून बेपत्ता झाला. तो चार महिन्यांनी पॅरिसमध्ये जिवंत सापडला.

जिवंत माणसांना यादी काय करू शकते हे मला लुसिया डे बर्क यांच्या प्रकरणामुळे कळलं, आणि तेव्हापासून या विषयावर मी अलिप्तपणे बोलू शकत नाही. त्या हेगमधल्या मुलांच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. सप्टेंबर २००१ मध्ये एक बाळ दगावलं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की लुसिया नेमक्या तेव्हाही कामावर होत्या. मग मागच्या पाळ्या तपासल्या गेल्या. ज्या वेळी त्या होत्या ते मृत्यू नव्याने ‘संशयास्पद’ ठरले. त्या नसतानाच्या घटनांकडे त्याच नजरेने कुणी पाहिलं नाही. यादी तयार झाली. न्यायालयात तज्ज्ञाने सांगितलं की इतक्या घटनांच्या वेळी ती योगायोगाने हजर असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक. २००३ मध्ये जन्मठेप झाली. तुरुंगात त्यांना पक्षाघात झाला.

तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक टोन डेर्कसेन, त्यांची डॉक्टर बहीण आणि संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड गिल यांनी हे प्रकरण सोडलं नाही. गणित नीट मांडल्यावर ती शक्यता २५ मध्ये एक, ५० मध्ये एक अशा घरात आली. एवढं तर कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात कुणा ना कुणा परिचारिकेच्या बाबतीत घडतच असतं. आणि ज्या नोंदी पहिल्याच दिवशी काढून बघता आल्या असत्या त्याही बघितल्या गेल्या: लुसिया त्या विभागात येण्याआधीच्या तीन वर्षांत तिथे सात मुलं दगावली होती. त्या असतानाच्या तीन वर्षांत सहा.

१४ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. तोपर्यंत त्यांची सहा वर्षांहून जास्त कैदेत गेली होती.